सागाच्या पानाची खूण

सुजाताला रानातलं सगळं दिसतं, अशी सिल्वासाच्या आमली भागातल्या त्या सोसायटीत ख्याती होती. तिचा निम्मा प्रचार सुजातानं स्वतःच केला होता. पण उरलेली निम्मी खरी होती. लग्न होऊन ती नाशिकहून सिल्वासात आली तेव्हा नवरा हेमंत सुताच्या कारखान्यात यंत्रांच्या घरघरीत दिवस काढायचा आणि ही गॅलरीत बसून बुलबुलांशी भांडायची. मग एका उन्हाळ्यात कुणाच्या तरी गाडीतून ती खानवेलच्या रस्त्यावरच्या रानात गेली, तिथे एका निष्पर्ण झाडावर तिला पिवळाधमक हळद्या दिसला, आणि सोसायटीतल्या माणसांच्या रविवारच्या झोपेचे दिवस भरले.

होळी झाली की फेऱ्या सुरू व्हायच्या आणि पाऊस तोंडावर आला की थांबायच्या. उन्हाळ्यात रान कसं असतं, तर घरातलं सामान बाहेर काढून ठेवावं तसं. सागाची पानं खाली, फांद्या मोकळ्या, पाखराला लपायला आडोसा नाही. पळस फुलून जातो, मग बहावा लोंबायला लागतो, कुड्याला पांढरी फुलं येतात, करवंदं काळी होतात. सुजाता हे सगळं आपल्याच घरचं असल्यासारखं दाखवायची. पाहुण्याला शोकेसमधल्या बाहुल्या दाखवाव्यात तसं.

फेरीचे कायदे अर्थातच तिनं केलेले. रानात हळू बोलायचं. अत्तर फासून यायचं नाही. काही दिसलं तर ओरडायचं नाही. जवळच्या फांदीला सागाचं वाळलेलं पान काट्यानं टोचायचं, असं की त्याचा देठ त्या वस्तूच्या रोखानं राहील. मागून येणारा पानापाशी थांबतो, देठाच्या दिशेनं बघतो आणि आपलं आपण शोधून काढतो. परतताना पानं काढून टाकायची. या खुणेचा सुजाताला फार अभिमान होता. ओरडायची सूट फक्त एका पक्ष्याला होती: नवरंगाला. तो पावसाच्या आधी थोडेच दिवस येतो, आणि वर्षातला पहिला नवरंग ज्याला दिसेल त्यानं त्याचं नाव मोठ्यानं घ्यावं, असा रिवाज होता. ते नाव आजवर सुजाताशिवाय कुणी घेतलेलं नव्हतं. तिनं ते कधी चुकीचंही घेतलं नव्हतं. एक वर्ष तर नवरंग आलाच नाही, तेव्हा ती हंगामभर गप्प राहिली. त्या गप्प राहण्याचा दबदबा अजून होता.

शेवटचा कायदा न बोलता झालेला: गळ्यात दुर्बीण घालून सगळ्यात पुढे सुजातानं चालायचं.

या मांडणीत त्या वर्षी मार्चमध्ये रसिका आली.

ती पुण्याची. बी विंगेत राहायला आलेली. प्लॅस्टिकचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात ती तपासनीस होती. म्हणजे दिवसभर पट्ट्यावरून डबे सरकायचे आणि ज्याच्यावर केसाएवढा ओरखडा असेल तो हिनं उचलून बाजूला ठेवायचा. अशा बाईला रविवारी रानात नेऊ नये, हे सुजाताला कळायला हवं होतं. पण तिनंच जिन्यात गाठून आग्रह केला होता. तिला ऐकणारं माणूस हवं होतं, बघणारं नको होतं.

पहिल्याच फेरीत सुजाता एका मोहाखालून पुढे गेली, आणि मागे वळून बघते तो मंडळी मोहापाशीच थांबलेली. फांदीला पान टोचलेलं, देठ वर. वर शिक्रा घरट्यावर बसलेला, लालबुंद डोळ्यानं सगळ्यांकडे बघत. पान रसिकानं लावलं होतं.

आता यात वाईट वाटण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. पण पुढे चाललेल्या माणसाच्या पाठीमागे पान लागलं, याचा अर्थ पुढच्या माणसाला ते दिसलं नाही. ती एक जाहीर पाटीच झाली. सुजाता परत आली, शिक्र्याकडे दुर्बिणीतून बघितलं आणि म्हणाली, छान, शाबास. त्या शाबासकीला एवढा घाम लागला की तिनं ओढणीनं मान पुसली.

त्यानंतर पानं मागेच लागायला लागली. एकदा आंब्याच्या फांदीवर सीतेची वेणी फुललेली, जांभळट फुलांचे घोस लोंबत होते. सुजाता त्या आंब्याखाली पाणी प्यायली होती आणि तरी. एकदा स्वर्गीय नर्तकाची मादी, एकदा कात टाकून गेलेल्या सापाची चंदेरी कात. आणि रसिका वर म्हणायची, मला नक्की नाही सांगता येत, सुजाताताई, तुम्हीच सांगा हे काय आहे. सुजाताला उद्धटपणा परवडला असता, हे लाघव परवडत नव्हतं. उद्धट माणसाची निदान कुसुमकाकूंजवळ चुगली तरी करता येते.

कुसुमकाकू आणि त्यांचे यजमान प्रभाकरकाका हे जळगावकडचे. काका सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन इथेच राहिलेले. त्यांना पक्ष्यांपेक्षा फेरीनंतरच्या सेव-खमणीत जास्त रस होता, आणि ते हे लपवत नसत. चौथा नियमित गडी गौरव, तरुण इंजिनिअर. त्याच्या कॅमेऱ्याची नळी एवढी लांब की त्याच्याशी बोलताना माणूस दोन पावलं मागे सरायचा. एका रविवारी सेव-खमणी खाता खाता गौरवनं विषय काढला, की पुढच्या हंगामापासून फेरीच्या पुढे कुणी चालायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवू या. शेवटच्या रविवारी ठरवू. कुणाविरुद्ध नाही ताई, तो म्हणाला, जस्ट चेंज.

काका म्हणाले, "काय हरकत नाय भो. बदल होत राहावा माणसाले."

रसिका खाली बघून सेव वेचत होती. सुजाता हसून म्हणाली की उत्तम कल्पना आहे, मला तरी कुठे हौस आहे पुढे चालायची. आणि घरी येऊन तिनं दुर्बिणीच्या काचा इतक्या वेळ पुसल्या की हेमंतनं विचारलं, पलीकडच्या राज्यातलं दिसायला लागलं का?

हेमंतचंही एक प्रकरण झालं होतं. लग्न झाल्यापासून तो एकाही फेरीला आला नव्हता. साळुंकी आणि बुलबुलात त्याच्या मते एवढाच फरक, की एक सकाळी झोपू देत नाही आणि दुसरा दुपारी. रविवार म्हणजे त्याचा अंथरुणातला सण. आणि एप्रिलच्या मध्यावर हा बाप्या एका पहाटे बूट घालून दाराशी उभा. म्हणे डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. डॉक्टरांनी ते सांगून इतकी वर्षं झाली होती, की ते डॉक्टर एव्हाना वापीला राहायला गेले होते.

त्या दिवसापासून रानात सुजाताची नजर कुठे असायची ते सांगायला नको. हळद्या डोक्यावरून ओरडत गेला तरी तिला पत्ता नसे. रसिकाची विटकी सुती टोपी, तिचं ते टाचा न आपटता चालणं, थांबताना आधी श्वास धरायची सवय, हे मात्र तिला पाठ झालं. हेमंत तिच्यापासून किती हातांवर चालतो, कधी वाकतो, कधी हसतो, हेही. रसिकाच्या नवऱ्याची नोकरी पुण्यात, तो महिन्यातून एकदा येतो, हे तिनं वॉचमनकडून काढलं. पक्ष्यांच्या मागे इतकी वर्षं जे कसब कमावलं ते सगळं आता एका बाईवर खर्च होत होतं, आणि नेमका त्यामुळेच मागे पानांवर पानं लागत होती. हे तिला कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

मग मे महिन्यात रसिका चुकली.

झालं असं. पायवाटेला पुढे एक वळण आहे, उजवीकडे कुंभ्याचं झाड आणि मोठा खडक. तिथे रसिका आणि हेमंत मागे रेंगाळले. मग रसिका भराभर पुढे आली, वळणाच्या डावीकडच्या कुड्याला पान लागलेलं होतं, देठ टेकडीकडे. हेमंत मागून सगळ्यांना इकडे, इकडे करत डावीकडे वळवत होता, गर्दीच्या वेळी कारखान्याच्या गेटवर करतात तसं. मंडळी टेकडीकडे माना वर करून उभी राहिली. सुजातानं दुर्बिणीनं फांदी न फांदी बघितली. काही नव्हतं. एक टकाचोर बसला होता, तो तर सोसायटीच्या टाकीवरही बसतो.

रसिका म्हणाली, होतं काहीतरी, उडालं वाटतं.

पुढच्या रविवारी पुन्हा त्याच कुड्याला पान, पुन्हा देठ टेकडीकडे, आणि पुन्हा काही नाही. गौरव कुरकुरला. सुजाताला मात्र कित्येक दिवसांनी सेव-खमणीची चव लागली. तिनं रसिकाला स्वतःच्या बशीतली कांद्याची फोड दिली. मनात तिनं सगळं मांडून ठेवलं होतं: शेवटच्या रविवारी निवडीचा विषय निघेल, तेव्हा आपण अगदी मायेनं म्हणायचं, की रसिकाची नजर चांगलीच आहे, फक्त नसलेलंही दिसतं तिला कधीकधी. बस. खोटी खूण लावणाऱ्याच्या मागे कोण चालेल?

पण सुजाता पडली सावध. वार करायच्या आधी तिला खात्री हवी होती, की त्या कुड्यापाशी खरोखरच काही नाही. एखादं घरटं, एखादी वेल, आपल्यालाच न दिसलेली. तसं असतं तर सगळ्यांसमोर शोभा झाली असती. म्हणून बुधवारी, हेमंत कारखान्यात गेल्यावर, शिंप्याकडे जाते असं शेजारी सांगून तिनं स्कूटर काढली.

कुड्याभोवती तिनं खूप शोधलं. पानं उलटली, टेकडी चढून आली. काही नाही. आनंदानं तिचा जीव हलका झाला. आता सावलीत बसावं, चार करवंदं खावीत, म्हणून ती वळणाच्या उजवीकडे खडकाकडे वळली, आणि बोरीच्या फांद्यांना अडखळली.

काटेरी फांद्या होत्या. आपोआप पडलेल्या नव्हत्या. पायवाटेवरून खडकाकडे कुणी जाऊ नये अशा आडव्या टाकून एकमेकींना बांधल्या होत्या. बांधलेलं सूत पांढरं, चकचकीत. सुजातानं ते बोटात धरलं. त्या सुतावर तिच्या गॅलरीतले कपडे वाळत होते, त्यानं तिच्या घरातली पिठाची पिशवी बांधलेली होती. आणि ती दुहेरी फास घालून शेवट आत खुपसायची गाठ साऱ्या सिल्वासात एकच माणूस मारत होता. तो आज सकाळी तिच्या हातचा डबा घेऊन गेला होता.

पायवाटेवरून आत यायला बंदी, आत सावली, खडकाचा आडोसा. पुढचं मनात येऊ नये म्हणून ती फांद्या ओलांडून तरातरा आत गेली, पुरावा बघायला. कसला, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

पायाखालची वाळकी पानं एकदम उडाली. निदान तिला तसं वाटलं. पानांचाच एक तुकडा भुईवरून उठला, फडफडत थोडा पुढे जाऊन पडला, एक पंख मोडल्यासारखा फरफटत राहिला. तपकिरी, करडा, भाजलेल्या मातीच्या रंगाचा पक्षी. मोठे काळे डोळे. रातवा. शत्रूला अंड्यांपासून लांब न्यायला तो जखमी असल्याचं सोंग करतो, हे तिनं वाचलं होतं, दुसऱ्यांना सांगितलंही होतं. बघितलं कधीच नव्हतं. तिनं पाय जिथे होता तिथेच ठेवला आणि हळूच खाली बघितलं. वीतभर पुढे उघड्या जमिनीवर, पानांच्या बेचक्यात, दोन अंडी. फिकट गुलाबी, तपकिरी डागांची. घरटं वगैरे काही नाही. एक पाऊल अजून, आणि संपलं होतं.

ती आली तशी मागे सरकली, खडकाच्या कडेला टेकली. बऱ्याच वेळानं रातवा भुईसरपट परत आला, अंड्यांवर बसला, डोळे मिटून त्यांची चीर केली, आणि बघता बघता पुन्हा पानं झाला. तो तिथे आहे हे माहीत असूनही तिला तो पुन्हा शोधावा लागला.

आता सगळं जुळलं. डावीकडचं पान खोटंच होतं. ते लोकांना डावीकडे न्यायलाच लावलं होतं. फांद्या, सूत, इकडे-इकडे करणारा हेमंत. संशय होता त्यातलं काही नव्हतं. एखाद्या बाईला अशा वेळी हायसं वाटलं असतं. सुजातालाही वाटलं, पण स्कूटर खानवेल रस्त्याला लागेपर्यंतच टिकलं. मग तिच्या लक्षात आलं, की या दोघांनी ज्या माणसापासून रातवा लपवला तो माणूस गौरव नव्हता, काका नव्हते. दुर्बीण घालून पुढे चालणारी आपणच होतो. नवऱ्याचं मन दुसरीवर गेलं असतं तर चारचौघींत सांगून रडता तरी आलं असतं. साळुंकी न ओळखणारा नवरा आपल्यापासून पक्षी लपवतो, आणि तोही दुसरीच्या सांगण्यावरून, हे कुणाला सांगणार?

संध्याकाळी तिनं त्याला संधी दिली. चहाचा कप पुढे सरकवत म्हणाली, रातवा म्हणून एक पक्षी असतो, जमिनीवर अंडी घालतो.

हेमंत म्हणाला, असेल. आणि बिस्किट बुडवलं. ते बिस्किट कपात तुटून पडलं तरी त्यानं वर बघितलं नाही.

शेवटचा रविवार उजाडला. पूर्वेला ढगांची एक रेघ होती आणि हवा अशी कोंदट की कुसुमकाकूंनी पदर कमरेला खोचला होता. सुजाता पुढे चालत होती. आज तिला काही करायचंच नव्हतं. बोलायची वाक्यं तिच्याकडे आता दोन होती. एक खोट्या खुणेचं. दुसरं त्याहून भारी: या बघा, तुमच्यापासून लपवलेला रातवा, मी शोधला. एका दमात रसिका खोटी आणि आपण पहिल्या. रातवा तर गौरवच्या कॅमेऱ्यानंही कधी पाहिला नव्हता.

वळण आलं. कुड्याला पान लागलेलं होतंच. रसिकानं कधी लावलं कोण जाणे. हेमंतनं हात पसरून इकडे, इकडे सुरू केलं.

गौरव हलला नाही. म्हणाला, छोडो ना हेमंतदादा, दोन वेळा बघितलं, तिथे कुछ नहीं होता. मी त्या खडकावर चढून बहाव्याचा फोटो घेतो. लाइट मस्त आहे. काकाही म्हणाले की खडकाशी सावली आहे, जरा बूड टेकू. काकू तर करवंदांच्या जाळीकडे निघाल्याच होत्या. बोरीच्या फांद्या गौरवनं बुटानं बाजूला सारल्या. हेमंतची गाठ पक्की होती, फांद्या सगळ्या एकदमच सरकल्या.

सुजातानं रसिकाकडे बघितलं. इतक्या आठवड्यांच्या अभ्यासानंतर तिला तो चेहरा वाचायला क्षणही लागला नाही. रसिकानं श्वास धरला होता. तिला ओरडता येत नव्हतं. ओरडली तर सगळे तिथेच धावणार. थांबा म्हणाली तर का म्हणून विचारणार. ती संपली होती. सुजातानं फक्त उभं राहायचं होतं. गौरवचा बूट त्या पानांकडे निघाला होता. शेजारी काकांची चप्पल.

मागे एकदा टिटवीची अंडी सापडली होती, ते सुजाताला का कोण जाणे तेव्हाच आठवलं. तिनं ती सगळ्यांना दाखवली होती. सगळ्यांनी फोटो काढले, ग्रुपवर टाकले, दुसऱ्या सोसायटीची माणसं बघून गेली. तिचं केवढं नाव झालं होतं. पुढच्या रविवारी अंडी नव्हती, आणि तिनं ते कुणाला लक्षात येऊ न देता सगळ्यांना दुसऱ्या वाटेनं नेलं होतं.

"नवरंग!"

आवाज तिचाच होता. तिनं हात लांब केला होता, ओढ्याच्या दिशेला, खडकाच्या बरोबर उलट.

सगळे वळले. तो शब्द म्हणजे तो शब्दच होता. गौरव कॅमेरा छातीशी धरून पळाला, काका धोतरात पाय अडकवत, काकू मूठभर करवंदांसह. ओढ्याच्या कोरड्या पात्राशी सगळे दबा धरून बसले. सुजाता पुढे उभी, दुर्बीण डोळ्याला लावून. दुर्बिणीत दगड होते. ती त्या दगडांकडे मोठ्या निष्ठेनं बघत राहिली.

बराच वेळ गेला. गौरवनं हळूच विचारलं, कुठे ताई? ती म्हणाली, तिथे, पानं उलटत होता. अजून वेळ गेला. काका उठले, गुडघे झटकले आणि अतिशय मायेनं म्हणाले की ऊन वाढलं म्हंजे होतं असं, आमच्याही डोळ्यापुढे येतं काहीबाही. गौरवनं नळीवर झाकण बसवलं. ते झाकण बसल्याचा टक असा आवाज सुजाताला कानशिलात बसला. कधी न चुकलेलं नाव आज चुकलं होतं, सगळ्यांच्या समोर, निवडीच्या दिवशी. वाचवलेली अंडी तिथे कुणाला दाखवता येणार नव्हती.

मागून रसिका म्हणाली, "मी पण ऐकला. दोन शिट्ट्या दिल्या त्यानं, त्या जांभळाच्या बुंध्याकडून."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. त्या तपासनीस बाईनं ओरखडा आहे म्हटलं की ओरखडा असायचाच. कुड्याचं पान दोनदा फसलं होतं, पण ते उडालं असेल, कानाचं वेगळं. हेमंतनं घसा खाकरून सांगितलं की शिट्टीसारखं काहीतरी त्यालाही वाटलं. हेमंतला शिट्टी फक्त कुकरची कळते, हे सगळ्यांना माहीत होतं, तरी दोन साक्षी झाल्या. गौरवनं ग्रुपवर टाकून दिलं: वर्षातला पहिला नवरंग, सुजाताताई आणि रसिका.

ते 'आणि' सुजाताला फार लागलं. खोटा नवरंग तिनं एकटीनं, स्वतःच्या अब्रूच्या जिवावर उभा केला होता, आणि त्यातही या बाईनं अर्धा वाटा उचलला. शिवाय बघायला गेलं तर खोटेपणातही रसिकाच पुढे होती. तिची पानं आणि वर या शिट्ट्या. सुजाताचा नुसता एक नवरंग.

सेव-खमणीच्या गाडीवर निवड झाली. काका म्हणाले की भांडण नको, दोघी मिळून चाला, एकीचे डोळे, एकीचे कान. सगळ्यांना पटलं. सुजाताच्या गळ्यातली दुर्बीण गळ्यातच राहिली, पण तिचा पट्टा आता दोन खांद्यांचा झाला होता.

हात धुताना रसिका शेजारी येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, "ताई, तुम्हाला कधी कळलं?"

"बुधवारी." सुजातानं नळ बंद केला. "आणि एवढ्या उन्हात नवरंग शिट्टी देत नाही. पहाटे देतो, नाहीतर तिन्हीसांजेला. थाप मारायची तर नीट माहिती घेऊन मारावी."

"माहीत आहे मला. पण तुम्हाला तो दिसला म्हणालात. मग मला ऐकू येण्यावाचून काय उरलं होतं?"

सुजातानं पुन्हा नळ सोडला आणि धुतलेले हात धुतले.

गाडीत घरी येताना हेमंत आणि ती दोघंच होती. आमलीच्या चौकात ट्रकांच्या मागे गाडी अडकली, तेव्हा तिनं समोर बघत विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

हेमंतनं स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "टिटवी," तो म्हणाला. "त्या वेळी तू रात्री जेवली नव्हतीस. मी विचारलं तर म्हणालीस, पित्त झालंय. यंदा पुन्हा पित्त नको म्हणून."

तिनं कधीच कुणाला दिसू दिलं नव्हतं ते या झोपाळू माणसानं बघितलं होतं आणि इतकी वर्षं ठेवून दिलं होतं. तिला बरं वाटायला हवं होतं, थोडं वाटलंही. पण लगेच दुसरा विचार आला: टिटवीची गोष्ट यानं रसिकाला सांगितली असणार. तिनं तसं विचारलं. हेमंत म्हणाला, ट्रक हलला.

पुढच्या बुधवारी शिंप्याचं काम पुन्हा निघालं. या वेळी तिनं हेमंतला खरं सांगितलं, तर त्यानं सुताची गुंडी हातात दिली, फांद्या पुन्हा बांधून ये म्हणाला.

सकाळी लवकरच ती खडकाच्या अलीकडे लांब बसली आणि दुर्बीण लावली. रातवा शोधायला तिला वेळ लागला. सापडला तेव्हा त्याच्या छातीखालची पानं हलत होती. मग एक मातकट लवीचा गोळा बाहेर आला, मागून दुसरा. डोळे उघडे, चोच चिमुकली. आईनं त्यांना पंखाखाली ओढलं आणि पुन्हा तिथे नुसता पालापाचोळा उरला. किती तरी दिवसांनी ती रानात रानच बघत होती.

मागे पायवाटेवर कुणीतरी टाचा न आपटता येत होतं. तिनं वळून बघितलंच नाही. एवढं हळू चालणारं दुसरं कोण असणार. शेजारच्या फांदीचं एक वाळलेलं सागाचं पान तिनं तोडलं, बोरीच्या काट्यानं कुंभ्याच्या डहाळीला टोचलं, आणि देठ नीट, अगदी नेमका पिलांच्या रोखानं वळवून ठेवला. मग ओठांवर बोट धरून ती सरकली आणि शेजारी जागा करून दिली.

रसिका बसली. पानाकडे बघितलं, देठाकडे, मग समोर. बराच वेळ तिला दिसेना. सुजाता वाट बघत राहिली. तिला कसलीही घाई नव्हती.

"फुटली?" शेवटी रसिकानं नुसते ओठ हलवून विचारलं.

"आज सकाळी," सुजाता कुजबुजली. "मी आधी बघितली."